उतरायचा जिना

दुपारी एकला दुकानाचं शटर खाली आलं की अण्णा, म्हणजे माझे वडील, अभिप्रायाची वही काखेत मारून घरी येत आणि पाटावर बसल्या बसल्या ती उघडत. एक ते चार दुकान बंद. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी बंद. या तीन तासांत आमच्या घरी जेवण, अभिप्राय आणि झोप अशा तीन गोष्टी होत, आणि त्यांतली मधली माझ्यासाठी असे. आई वरणभातावर तूप वाढायच्या आत पहिला अभिप्राय वाचून झालेला असायचा. अण्णांचा आवाज मुळात कोरडा, वाचताना तो आणखी सुके. "'मीठ दुसऱ्या मजल्यावर ठेवण्यामागील हेतू कळावा.' खाली सही, हुद्दा आणि निवृत्त झाल्याचा उल्लेख." मग एक घास. "'तेल तळमजल्यावर, मोहरी पहिल्यावर, मीठ दुसऱ्यावर. फोडणी जिन्यात द्यावी काय?'" आणखी एक घास. "'साखर आणायला वर गेलो. पोचेपर्यंत डॉक्टरांनी साखर बंद केली.' हे बरं आहे. 'बाण दाखवतील तिकडे जाण्याची आम्हांस सवय नाही, तरी बाण हलवावेत.'" मग वही मिटून ते माझ्याकडे बघत. "बोला शरदराव. लोक विचारतायत. उत्तर द्या."

मी वीस वर्षांचा होतो आणि दुकानाची ती मांडणी माझी होती. माझं उत्तर म्हणजे भात कालवत राहणं. आई मध्येच म्हणे, "जेवू द्या हो त्याला," आणि अण्णा म्हणत, "जेवू दे की. जेवण तळमजल्यावर आहे, चढावं लागत नाही."

त्याआधी आमचं दुकान पेठेतल्या कुठल्याही किराणा दुकानासारखं होतं. पुढे लांब लाकडी काउंटर, मागे डबे, आणि काउंटरच्या आत मारुतराव. मारुतराव शिंगोटे आमच्याकडे तीस वर्षं होते. गिऱ्हाइकानं यादी पुढे करायची, मारुतरावांनी ती मोठ्यानं वाचायची, प्रत्येक जिनसेनंतर एक छोटासा थांबा घ्यायचा, आणि तेवढ्यात पुडी बांधून दोरा तोडून झालेला असायचा. यादीत नुसतं 'तूरडाळ' लिहिलेलं असलं तरी कुणाच्या घरी कुठली डाळ शिजते, कुणाच्या सासूला पोहे जाड लागतात, कुणाकडे उपासाला साबुदाणा चालत नाही, हे त्यांना पाठ होतं. शिरूरकडच्या गावातून आलेले, बोलण्यात अजून गाव होतं, पण यादी मात्र शाळामास्तरासारखी स्वच्छ वाचायचे. मला लहानपणी खडीसाखर त्यांच्याच हातून मिळाली आहे. हे लिहायला नको होतं, पण ते खरं आहे.

जुनी इमारत पाडून अण्णांनी तिथे तळमजला धरून तीन मजले उठवले. त्याच सुमारास मी मुंबईला मामाकडे राहून आलो होतो आणि तिथे एक दुकान पाहून आलो होतो. लोक स्वतः आत फिरतात, स्वतः माल उचलतात आणि शेवटी पैसे देतात. मी चार-पाचदा नुसता बघायला गेलो. रोज लागणारी वस्तू सगळ्यांत लांब ठेवायची, म्हणजे तिथवर जाताना माणूस बाकीचं सगळं बघतो, ही युक्ती मला तिथे कळली. पुण्याला आल्यावर मी मोठ्या कागदावर आराखडा काढला. चित्रकला मला येत होती. शाळेत परचुरेबाई शिकवायला होत्या, ड्रॉइंगच्या परीक्षांना त्यांनीच बसवलं होतं आणि अक्षरही त्यांनीच वळवून घेतलं होतं. त्यांच्या अक्षरावर अक्षर गिरवूनच मी लिहायला शिकलो. आराखडा पाहून अण्णांनी बराच वेळ मिशा कुरवाळल्या आणि म्हणाले, "एक वर्ष देतो."

तर तळमजल्यावर तेल, साबण, काड्यापेट्या. पहिल्यावर मसाले आणि डाळी. दुसऱ्यावर तांदूळ, गहू, साखर आणि मीठ. पुढच्या बाजूला चढायचा रुंद जिना, मागे उतरायचा. उतरणाऱ्याचे हात भरलेले असतात पण डोळे मोकळे असतात, म्हणून मागच्या जिन्याच्या दोन्ही भिंतींना मी फळ्या ठोकल्या आणि त्यांवर पापड, बिस्किटं, लोणची मांडली. त्यात जिना हातभर अरुंद झाला. पण तो फक्त उतरायचाच होता, त्यामुळे दोन माणसं समोरासमोर येण्याचा प्रश्नच नव्हता. मी जागोजागी लाल बाण काढले होते.

पेठेतली माणसं बाण बघून चालत नाहीत एवढं मला ठाऊक असायला हवं होतं. मागच्या दारानं शिरलं तर मीठ जवळ पडतं हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी शोधून काढलं आणि उतरायच्या जिन्यानं चढायला सुरुवात केली. वरून येणारे आणि खालून जाणारे मधल्या वळणावर अडकत. "आपण मागे व्हा." "मी का मागे होऊ? बाण माझ्या बाजूनं आहे." "बाणाला सांगा मग वाट द्यायला." हे सगळं बिस्किटांच्या पुड्यांमध्ये दोन्ही खांदे रुतलेल्या अवस्थेत चाललेलं असे. एका आजोबांनी मला काठीनं आराखडा काढून दाखवला की माझी चूक कुठे झाली. दुसऱ्यांनी विचारलं, "शिकलास कुठे रे हे? नाही, तिकडे आमच्या नातवाला घालायचा नाही, म्हणून विचारतो."

मारुतरावांना काउंटर उरला नव्हता. अण्णांनी त्यांना तळमजल्यावर स्टुलावर बसवलं होतं, लोकांना वाट सांगायला. आठवडाभर त्यांनी वाट सांगितली. मग साठेकाकू नावाच्या एक गुडघेदुखीच्या बाई दारातच थबकल्या, तेव्हा ते उठले, त्यांच्या हातातली यादी आणि पिशवी घेतली आणि म्हणाले, "बसा काकू, मी आणतो." दुसऱ्या दिवशी अशा तिघी होत्या. मारुतरावांनी गोदामातून एक बाकडं आणून टाकलं. पंधरा दिवसांत निम्मं गिऱ्हाईक त्या बाकड्यावर. कुणी वाती वळतंय, कुणी पेपर वाचतंय, आणि पंचावन्न वर्षांचे मारुतराव दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दिवसभर जिन्यात. पुढचा जिना लांब पडतो म्हणून ते मागच्यानंच ये-जा करत. वरच्या मजल्यावर मी एकटा. लोकांनी हिंडून बघावं म्हणून मांडलेल्या बरण्या तशाच, न हललेल्या.

एका दुपारी अण्णांनी वही न उघडताच जेवायला सुरुवात केली. आमटीचा भुरका मारला आणि म्हणाले, "मारुतरावांनी वाचवलं. नाहीतर तुझ्या जिन्यानं दुकान बुडवलं होतं. दसरा झाला की काउंटर परत लावायचा. मारुतराव खाली, गोदाम वर."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही बाण पुसायचे."

आई हसली. ती माझ्यावर हसली नसावी, वाक्याला हसली असावी. पण मला ते हसू गिळता आलं नाही. वीस वर्षांच्या मुलाला काय काय गिळता येत नाही याची आज मला गंमत वाटायला हवी, ती वाटत नाही.

त्याच आठवड्यात परचुरेबाई दुकानात आल्या. बाई पन्नाशीच्या, एकट्या राहत. त्या बाकड्यावर बसणाऱ्यांतल्या नव्हत्या, सगळे मजले स्वतः चढायच्या. जाताना त्यांनी वही मागून घेतली आणि लिहिलं: 'उतरायचा जिना फार अरुंद आहे. फळ्यांमुळे दोन माणसे समोरासमोर आली की अंगाला अंग लागते. बायकांना फार अवघड होते. ताबडतोब उपाय करावा.' मग दोन ओळी मोकळ्या सोडून सही. सही मजकुराला चिकटवू नये, दोन ओळी सोडाव्यात, हे त्यांनी आम्हालाही शिकवलं होतं.

त्या दिवशी अण्णा वही दुकानातच विसरले. ती न्यायला मी दुपारी आत शिरलो तेव्हा शटर खाली होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं आणि पंखाही बंद होता. मी बाईंचा मजकूर वाचला. त्या मोकळ्या दोन ओळींकडे बघत किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. नंतर मी बाईंच्या अक्षरात लिहिलं: 'आणि तुमचे मारुतराव नेमके तेव्हाच जिन्यात असतात. अधिक लिहीत नाही.'

ते रागाच्या भरात लिहिलं असं मी पुढे अनेकदा स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. मी आधी रद्दीच्या कागदावर तीनदा लिहून पाहिलं. 'नेमके'मधला 'क' बाई जरा उभट काढत, तो जमेपर्यंत लिहिलं. आणि मला आणखी एक गोष्ट पक्की ठाऊक होती. आमच्या पेठेत असल्या प्रकरणात बाईमाणसाचं नाव कुणी तोंडावर आणत नसे. कुणी जाऊन तिला विचारणार नाही, ती स्वतः काही बोलणार नाही, आणि जो तो सभ्यपणानं खाली मान घालेल. त्या सभ्यपणाच्या भरवशावर मी ते लिहिलं.

अण्णांनी ते ताटावर मनात वाचलं. पुन्हा वाचलं. मग वही मांडीखाली सरकवून जेवले, मोठ्यानं काहीच वाचलं नाही. आईनं विचारलं तेव्हा तिला पान दाखवलं. आई म्हणाली, "बाई असं लिहिणार नाहीत."

"अक्षर त्यांचं आहे."

"विचारून तरी बघा त्यांना."

"काय विचारू? बाई, आपल्याला कुठे धक्का लागला, असं?"

आईनं आपलं ताट पुढे सरकवलं. उठताना तिनं माझ्याकडे पाहिलं. मी ताक पीत होतो, भांडं तोंडावरून काढलं नाही.

चारला शटर वर गेलं. बाकड्यावर चार-पाच जणी येऊन बसल्या होत्या, एक-दोन पुरुष तेलाचे डबे हलवून बघत होते. मारुतराव एक यादी अर्धी करून खाली आले. अण्णांनी वही त्यांच्यापुढे धरली, खालच्या सहीवर पंजा ठेवला.

"वाचा."

"काय हाय अण्णा?"

"मोठ्यानं वाचा. तीस वर्षं वाचत आलात."

मारुतरावांनी पिशव्या खाली ठेवल्या, चष्मा पुसला आणि वाचायला लागले. यादी वाचत तसंच वाचलं, त्याच आवाजात, प्रत्येक वाक्यानंतर तोच छोटासा थांबा घेत. स्वतःचं नावही तसंच वाचलं. 'अधिक लिहीत नाही' हेही वाचलं. आणि मागे आणखी काही आहे का म्हणून पान उलटू गेले. अण्णांनी वही ओढून घेतली.

मारुतराव म्हणाले, "लागला असंल धक्का, अण्णा. दोन्ही हातांत पिशव्या असत्यात. कोण बाई त्या? सांगा, आत्ता जाऊन पाया पडतो."

ते एवढंच म्हणाले. 'मी नाही' म्हणाले असते तर कदाचित अण्णा थांबले असते. पण त्यांना खरंच वाटलं की लागला असेल. आणि तो कबुलीजबाब झाला.

"वर नाव विचारता?" अण्णा म्हणाले.

साठेकाकू म्हणाल्या, "तरीच." एवढंच म्हणाल्या, आणि वाकून मारुतरावांच्या पायाशी ठेवलेली आपली पिशवी त्यांनी स्वतःकडे ओढली. ज्या गुडघ्यांसाठी हा माणूस दिवसात दहादा वर जात होता ते गुडघे तेवढ्यापुरते नीट वाकले. तेलाच्या डब्यापाशी उभा असलेला एक जण म्हणाला, "म्हणून का हो मारुतराव पळत पळत वर जायचात? आम्हाला वाटलं, सेवा!" लोक हसले. मीही हसलो. नंतर हसलो असं नाही, त्यांच्याबरोबर हसलो, आणि माझा आवाज मोठा होता.

मारुतरावांनी खांद्यावरचं फडकं काढून घडी केली आणि बाकड्याच्या टोकाला ठेवलं. मग म्हणाले, "काकूंची तूरडाळ राहिली. त्यांना बारकी लागती. तेवढी देऊन जाऊ का?"

"राहू द्या," अण्णा म्हणाले. "आमची आम्ही बघू."

बाकडं त्याच संध्याकाळी रद्दीवाल्याला गेलं. बसायला जागा राहिली नाही म्हणून लोक कुरकुरत चढू लागले, चढता चढता बरण्या बघू लागले, आणि दिवाळीपर्यंत माझी मांडणी रुळली. काउंटरचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढे ओळखीतले दुकानदार ती बघायला यायचे आणि अण्णा त्यांना सांगायचे, "आमच्या शरदचं डोकं." ते वाक्य ऐकायला मी काय केलं होतं ते त्यांना मरेपर्यंत कळलं नाही.

बाई पंधरा-वीस दिवसांनी आल्या. त्यांना येताना पाहून अण्णा गल्ल्यावरून उठले आणि आत गेले, त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. त्यामुळे बाईंपुढे मी एकटाच.

"काय रे शरद, जिन्याचं काय केलंत? एवढं लिहून ठेवलं मी."

"करतोय बाई. सुतार मिळत नाहीये."

"पुण्यात सुतार मिळत नाही? बरं. आणि मारुतराव कुठे दिसत नाहीत ते? मला बघितलं की वळणावर भिंतीला चिकटून उभे राहायचे बिचारे, पिशव्या डोक्यावर धरून. एवढा अदबशीर माणूस तुमच्या दुकानात तोच एक."

"गावी गेले. शेती बघायला."

"न सांगता?" बाई म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. "असो. फळ्या काढ त्या आधी."

फळ्या मी काढल्या नाहीत. त्यांच्यावरचा माल सगळ्यांत जास्त खपत होता. आणि मारुतराव गावी गेले नव्हते, मार्केट यार्डात एका आडत्याकडे पोती मोजायला उभे राहिले होते, हेही मला माहीत होतं.

आता मी कात्रजला मुलाकडे राहतो. गेल्या वर्षी आमच्या जवळ असंच दुकान झालं, चार मजल्यांचं. सरकते जिने आहेत, ढकलगाड्या आहेत, आणि दूध सगळ्यांत वर आहे. पहिल्या दिवशी लोक काय काय बोलत होते ते ऐकायला मी उगीच तासभर उभा राहिलो. "दूध घ्यायला लिफ्ट? खाली येईपर्यंत दही होईल." "अगं, एक्झिटच सापडत नाहीये, हे लोक आपल्याला बाहेर सोडणार आहेत ना?" एक पोरगी हातात टॅब घेऊन आली, "सर, लेआउट कसा वाटला? कॉमेंटमध्ये काहीही लिहा." नात म्हणाली, "आजोबा लिहा ना, तुमचं पण होतं ना असं शॉप." मी लिहिलं नाही. घरी आलो आणि हे लिहायला बसलो. मुलाला वाटतं मी दुकानाचा इतिहास लिहितोय. तो म्हणतो, "छान लिहा बाबा, तुम्ही त्या काळाच्या पुढे होता." तेव्हा हे स्पष्ट लिहून ठेवतो. मारुती शिंगोटे यांनी कुठल्याही बाईला कधीही त्रास दिला नाही. वहीतली ती दोन वाक्यं माझी होती. परचुरेबाईंना त्यांतलं काही माहीत नव्हतं. ज्यांनी ज्यांनी 'तरीच' म्हटलं ते माझ्यामुळे म्हटलं.

इथे संपवता आलं असतं. पण एक राहिलं आहे, आणि ते वहीपेक्षा वाईट आहे.

पंधरा-सोळा वर्षांनी आमच्या गल्लीतल्या शिंप्याच्या मुलीचं लग्न होतं. मुहूर्त लागला, अक्षता पडल्या, जेवणं कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होती. मी जेवून हात धुवायला खाली आलो, तर जिन्याच्या पायथ्याशी एक म्हातारा भिंतीकडे तोंड करून उभा. हात छातीशी घट्ट आवळलेले. बायका वर जात होत्या, खाली येत होत्या, आणि तो हलत नव्हता. दोन पोरी त्याच्याकडे बघून फिदीफिदी हसत गेल्या. जिना रिकामा झाला तसा तो वळला. मारुतराव होते.

त्यांनी मला लगेच ओळखलं. "धाकटे मालक! बरं हाय ना? अण्णा गेल्याचं कळलं. यावं वाटलं, पण मग म्हटलं, नको." शिंपी जुना दोस्त, त्यानं घरी येऊन आमंत्रण दिलं म्हणून आलो, असं सांगत होते. मग माझ्या जरा जवळ आले आणि आवाज खाली घेतला. "एक विचारू? त्या बाई कोण होत्या वो? तुम्हाला ठावं असंल. मी लई आठवून बघितलं. जिन्यात कोण कोण भेटायचं, कुणाला लागला असंल. एकेक करून सगळ्या आठवल्या. आता चांगलं वय झालंय, कोण ते कळलं तर जाऊन पाया पडतो. मग सुटलो."

परचुरेबाई तेव्हा वर पंगतीत बसल्या होत्या. माझ्यासमोरच्या रांगेत. त्यांना आणखी जिलबी वाढा असं वाढप्याला सांगून मी खाली आलो होतो. मारुतराव वर गेले असते तर बाईंनी त्यांना पाहताक्षणी हाक मारली असती.

मी म्हणालो, "त्या गेल्या मारुतराव. बरीच वर्षं झाली."

त्यांनी हात जोडून कपाळाला लावले. "मग राहिलंच," म्हणाले. आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

मी त्यांचा दंड धरला. "वर फार गर्दी आहे. बायकांचीच पंगत आहे आत्ता. तुम्हाला अवघड होईल."

त्यांनी पाय मागे घेतला. लगेच घेतला, चटका बसल्यासारखा. "बरं झालं सांगितलं," म्हणाले. कोटाच्या आतल्या खिशातून आहेराचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "दोस्ताला द्या. म्हणावं, मारुती येऊन गेला." आणि उन्हात बसथांब्याकडे चालू लागले, उपाशी.

मी पाकीट खिशात घातलं आणि वर गेलो. बाईंचा मठ्ठा पिऊन झाला होता. त्यांनी विचारलं, "कोण रे होतं खाली? बराच वेळ बोलत होतास."

"कुणी नाही," मी म्हणालो.